मागे उभं राहणारं माणूस

पोन्कुन्नम,
३ एप्रिल १९९३

प्रिय इट्टी,

त्या शनिवारी रबराचे सात ताव लाटून दोरीवर गेले होते आणि आठवा यंत्राच्या दोन रुळांमध्ये अर्धा अडकलेला होता, तेवढ्यात अच्चायननी हॉर्न दिला. एक लांब, एक आखूड. म्हणजे, ‘तांडम्मा, ये.’ मी रबराचं आंबट पाणी लागलेले हात कमरेच्या मुंडूला पुसत गेले आणि गाडीच्या मागे उभी राहिले. दर शनिवारचं कामच होतं ते. अच्चायन, तुझे थोरले भाऊ, आत बसून वळणाच्या दिव्याची दांडी खाली करायचे आणि मी मागून ओरडायचे, “लागला! गेला! लागला! गेला!” मग दांडी वर, मग दुसरी बाजू. शेजारची कुंजेली म्हणायची, “तुमच्या घरची शनिवारची प्रार्थना काही वेगळीच आहे.” दोन्ही बाजू झाल्या की मी परत यंत्राकडे.

हे आज आठवायचं कारण म्हणजे काल मी अँबॅसडर शेडमधून बाहेर काढून घेतली. अच्चायन गेल्याला सोळा महिने झाले, तेवढे महिने ती आतच होती. पहिल्या वर्षश्राद्धाला, म्हणजे नोव्हेंबरात, तिला धुऊनपुसून ठेवली होती तेवढंच. इंजिन चालू झालं. पण वळण दाखवायचे दिवे बिघडलेत. उजवीकडची दांडी केली की पुढचा पिवळा दिवा लागतो आणि लागलेलाच राहतो, मिचकावत नाही. मागचा पिवळा लागतच नाही. त्याऐवजी मागचे दोन्ही लाल दिवे मंद पेटतात, कुणी तरी उदबत्त्या लावल्यासारखे. डावीकडेही तेच.

गाडीच्या कागदांची पाच वर्षांची मुदत ३१ मेला संपते. त्याआधी ती तपासणीला न्यायची आहे, आणि दिव्यांशिवाय इन्स्पेक्टर तिला पास करणार नाही. माझ्या लेकाचं, रेजीचं म्हणणं तुला ठाऊक आहे. मस्कतहून दर रविवारी फोनवर तेच. पाला गावचा एक माणूस लग्नाच्या गाड्या भाड्याने देतो, त्याला ही हवी आहे. शेवटी आमचं असं ठरलं: मेअखेर पास झाली तर ती माझी, नाही झाली तर एक जूनला तो माणूस घेऊन जाईल. मी ‘बरं’ म्हणून बसले. तोवर मी दिवे लावून पाहिले नव्हते. एवढी हुशार मी.

तू पस्तीस वर्षं आगगाडीच्या डब्यांतले दिवे सांभाळलेस. मला सांग काय करू. चालवणारं माणूस मिळालं आहे, त्याची काळजी नको.

सारम्माला आठवण सांग.

तुझी वहिनी,
तांडम्मा चेडत्ती


पेरंबूर, मद्रास,
९ एप्रिल १९९३, गुड फ्रायडे

प्रिय चेडत्ती,

आज उपास आहे, त्यामुळे खरं तेच लिहितो. माझा सल्ला, विकून टाका. पंचवीस वर्षांची गाडी म्हणजे म्हातारा सासरा. रोज नवीन दुखणं, आणि दोष तुमचा. रेजी चुकीचं काही सांगत नाही.

पण तुम्ही ऐकणार नाही. अच्चायन गेल्यावर तुम्ही रबराची एक फांदीसुद्धा कुणाला विकू दिली नाहीत, तर गाडी काय देणार. म्हणून या तीन गोष्टी करा.

एक, मागच्या दिव्यांच्या काचा काढून बल्ब बघा. तार तुटली असेल तर नवा लावा. बल्ब काळा पडला असेल तरी नवा लावा.

दोन, फ्यूज बघा. इंजिनाजवळ छोट्या पेटीत असतात. टोकांना हिरवं-पांढरं धरलं असेल तर पॉलिश कागदाने घासा.

तीन, टक-टक करणारी डबी. गोल, अॅल्युमिनियमची, डॅशबोर्डाखाली. तिला फ्लॅशर म्हणतात. पन्नासेक रुपयांना नवी मिळते. दिव्यांनी पुरेशी वीज ओढली नाही की ती टक-टक करत नाही, म्हणजे डबी चांगली असूनही गप्प बसू शकते. घरोघरी असं होतंच.

आणि हे नीट आठवून लिहा: गाडीला अलीकडे कुणी हात लावला का? काही बदललं का? आमच्या शेडमध्ये पहिला प्रश्न हाच. दहांतल्या नऊ बिघाडांचं उत्तर, “हो साहेब, पण मी फक्त साफ केलं.”

चालवणारा माणूस कोण? किती वर्षांचा अनुभव? पितो का? पोन्कुन्नमचे ड्रायव्हर मला माहीत आहेत, वळणावर हात बाहेर काढतात तो सिगारेटची राख झटकायला.

सारम्मा म्हणते, मी जगाचे दिवे दुरुस्त करायला निघालोय आणि आमच्या ओसरीचा बल्ब जानेवारीपासून गेलाय. तिच्याकडे दुर्लक्ष करा.

तुमचा,
इट्टी


पोन्कुन्नम,
२१ एप्रिल १९९३

प्रिय इट्टी,

बल्ब बदलले, चारही. जुने चांगलेच होते. ते आता माझ्या पोर्कच्या मसाल्याच्या डब्यात आहेत, कारण फेकवले नाहीत. फ्यूज घासले. इतके मनापासून घासले की एक तुटला, मग दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, “अम्मच्ची, ड्रायव्हरला पाठवा, त्याला कळेल काय हवं ते.” मी म्हटलं, “ड्रायव्हरनेच मला पाठवलंय.” फ्लॅशरची डबी पण नवी आणली. डॅशबोर्डाखाली डोकं घालून ती बसवताना माझा अंबाडा गिअरच्या दांडीत अडकला आणि मी पंधरा मिनिटं तशीच. कुंजेली रस्त्यावरून ओरडली, “तांडम्मा, काय हरवलं?” मी म्हटलं, “अक्कल.” ती म्हणाली, “ती तिथे कशी गेली?”

नवी डबीसुद्धा टक-टक करत नाही. उदबत्त्या आहेत तशाच आहेत.

या सगळ्यात मला एक शोध लागला, तो लिहिते म्हणजे तूही हस. दांडी खाली करून ठेवली की ती तशीच राहते. खाली उतरायचं, सावकाश मागे चालत जायचं, पाहायचं. मागे उभं राहून ओरडायला दुसऱ्या कुणाची गरजच नाही! आणि मी बावीस वर्षं, दर शनिवारी, आंबट हातांनी, लागला-गेला करत उभी होते. वाचनालयातून आणलेल्या मोटारीच्या पुस्तकात हे तिसऱ्याच पानावर आहे. मी गावातली सगळ्यात जास्त पुस्तकं नेणारी बाई आणि हे एवढं कधी सुचलं नाही. अच्चायनना तरी कसं सुचलं नाही कोण जाणे.

तू विचारलंस, गाडीला कुणी हात लावला का. नाही. कुणी काही बदललेलं नाही. वर्षश्राद्धाच्या वेळी मी फक्त साफ केली होती.

चालवणारं माणूस पीत नाही. अनुभव कमी आहे, पण मन लावून करतं. चालवताना स्वतःशी मोठ्याने बोलतं, एवढीच खोड आहे.

चाळीस दिवस उरलेत. मी आणि इन्स्पेक्टर दोघं वाट पाहतोय.

तांडम्मा


पेरंबूर,
२८ एप्रिल १९९३

प्रिय चेडत्ती,

तुमचं पत्र सारम्माला वाचून दाखवलं. अंबाड्यापाशी ती इतकी हसली की डाळ लागली. पुढे एका वाक्याशी मी थांबलो आणि चष्मा पुसून पुन्हा वाचलं. “मी फक्त साफ केली होती.”

चेडत्ती, साफ करताना काय काय केलंत? सगळं लिहा, लाजू नका. मागचे लाल दिवे मंद पेटतात याचा अर्थ एवढाच की वीज दिव्यात येते, पण तिला परत जायला वाट नाही. मग ती शेजारच्या बल्बमधून चोरवाटेने निघते. परतीची वाट म्हणजे गाडीचं लोखंड. दिव्याचं भांडं स्क्रूने लोखंडाला घट्ट लागलेलं असतं, तीच वाट. आम्ही तिला अर्थिंग म्हणतो.

आता मुख्य गोष्ट. पंच्याऐंशी साली ओणमला मी आलो होतो तेव्हा उजव्या बाजूला हाच त्रास होता. मी एक हिरवी वायर जोडली होती, दोन वितीची. एक टोक दिव्याच्या भांड्याला, दुसरं डिकीतल्या बोल्टला. डावीकडेही तशीच. दिसायला वाईट होत्या, पण काम करत होत्या. त्या आहेत का बघा.

नसतील तर असं करा. कुठलीही वायर घ्या, दोन्ही टोकं सोलून उघडी करा. एक टोक दिव्याच्या भांड्याला टेकवा, दुसरं डिकीतल्या एखाद्या रंग नसलेल्या बोल्टला. दांडी चालू ठेवा. दिवा मिचकावला तर आजार सापडला.

आणि चालवणाऱ्याचं नाव काय? तुम्ही ते टाळताय. कुंजेलीचा मेव्हणा तर नाही ना?

इट्टी


पोन्कुन्नम,
५ मे १९९३

प्रिय इट्टी,

बसून वाच. सारम्मालाही बसव, आणि डाळ आधी उतरवून ठेव.

गेल्या वर्षी पावसात शेडच्या उघड्या बाजूने झड येऊन मागच्या दिव्यांत पाणी साचायचं. वर्षश्राद्धाला पाहुणे येणार, गाडी अंगणातून दिसणार, आणि तिच्या डोळ्यांत पाणी! ते मला चालणार नव्हतं. आपल्या घरात काही गळलं की एकच औषध आहे, तुला माहीत आहे. छप्पर गळलं, रबर. बादली गळली, रबर. अच्चायनचे बूट, माझी छत्री, फादरच्या खोलीची खिडकी, सगळ्याला रबर. मी आपल्याच तावातून दोन सुंदर गोल कापले. मधे भोक, कडा एकसारखी. दोन्ही दिवे काढले, भांड्याखाली गोल ठेवला, दिवा परत बसवला. स्क्रूंनासुद्धा रबराच्या टोप्या केल्या. वर ताज्या चिकाचा हात फिरवला आणि दोन दिवस वाळू दिलं. इट्टी, काय काम झालं होतं! एक थेंब आत जाईल तर शपथ.

पाणी आत जाणार नाही म्हणता म्हणता मी वीज बाहेर जाणार नाही अशीही सोय करून ठेवली होती.

तुझ्या हिरव्या वायरी? त्या लोंबत होत्या, घाणेरड्या दिसत होत्या. त्या मी “साफ” केल्या. एकीने ताव वाळवायच्या धुराच्या खोलीचं दार बांधलं आहे, सहा महिने एकदाही उघडलं नाही ते, फार मजबूत वायर. दुसरीने मिरीचा वेल फणसाला बांधला आहे. या वर्षी मिरी उत्तम आली.

तुझं पत्र हातात घेऊनच धुराच्या खोलीकडे गेले. दाराची वायर सोडली, टोकं सोलली, एक भांड्याला टेकवलं, एक बोल्टला. आणि दिवा मिचकावू लागला. पिवळाधमक. डबी डॅशबोर्डाखाली टक-टक, टक-टक. मी डिकीत वाकलेली, दोन्ही हातांत वायर, आणि तोंडातून आपोआप निघालं, “लागला! गेला! लागला! गेला!” ऐकायला कोणी नव्हतं. कुंजेली होती म्हणा, ती असतेच.

दुपारभर सुरीने रबर खरवडलं. लोखंड चमकेपर्यंत घासलं. दोन्ही वायरी पुन्हा लावल्या. मिरीच्या वेलाला आता सुंभ आहे. दोन्ही बाजू चालतात.

एकीकडचं झाकलेलं उघडलं आहे तर दुसरंही उघडते. चालवणारं माणूस मी आहे.

हसून झालं असेल तर पुढे वाच. कॉन्व्हेंटच्या दवाखान्याची जीप सिस्टर रोसेलिन चालवते. डिसेंबरात मी तिच्याकडे गेले, म्हटलं, शिकव. सेमिनरीच्या मैदानात, रोज चारला. ती म्हणायची, “तांडम्मा, क्लचवरचा पाय असा उचल, जसा झोपलेल्या पोराच्या डोक्याखालून हात काढतेस.” माझं पोर दर वेळी जागं झालं. मैदानातल्या जांभळाला दोनदा भेटले. पण मार्चमध्ये परवाना मिळाला. चोपन्न वर्षं वय, फोटोत चेहरा चोरासारखा.

का शिकले ते कोणाला सांगितलं नाही. तुला सांगते. पहिल्या पत्रात लिहिलेल्या त्या शनिवारी, अच्चायन गेले त्या दिवशी, मी लागला-गेला करून यंत्राकडे परत गेले. थोड्या वेळाने पुन्हा हॉर्न. नुसता लांब. मला वाटलं, दिवा पुन्हा दाखवायचा असेल. मी ओरडले, “हा ताव काढून येते!” आणि ताव काढला. गेले तेव्हा ते स्टिअरिंगच्या चाकावर वाकले होते. म्हणाले, “तांडम्मा, तू बस, मी नेतो दवाखान्यात,” आणि किल्ली फिरवायला हात उचलेना. गाडी चालू स्थितीत होती. पेट्रोल भरलेलं होतं. दवाखाना सहा मैलांवर. आणि मी तिच्याशेजारी उभी, एका चांगल्या गाडीशेजारी, नाक्यावरून भाड्याची जीप येण्याची वाट पाहत. चाळीस मिनिटं.

डॉक्टर म्हणाले, चाळीस मिनिटांनी काही फरक पडला नसता. डॉक्टर भला माणूस आहे.

तर म्हणून ही गाडी हवी आहे. लग्नाच्या फुलांखाली ती पाला गावात फिरलेली मला नको. रेजीला अजून सांगितलेलं नाही. तपासणी २५ मेला आहे.

तांडम्मा


पेरंबूर,
११ मे १९९३

प्रिय चेडत्ती,

हसलो नाही. रबरापर्यंत हसलो. पुढे नाही.

दोन गोष्टी माझ्याकडे पडून होत्या. एक तुमच्या हक्काची, दुसरी माझ्या लाजेची. लाजेची आधी.

शहाऐंशी साली अच्चायननी मला पत्र लिहिलं होतं. “तांडम्मा म्हणते गाडी शिकव. तुझं मत काय?” मी तेव्हा नुकता फोरमन झालो होतो, सगळ्या जगाला मत देत होतो. मी लिहिलं, “एका घराला एक चाक पुरे. दोन झाली तर घर वळणार कुठे?” मला ते वाक्य फार आवडलं होतं. कॅन्टीनमध्येही चार वेळा ऐकवलं. अच्चायननी मग शिकवलं नाही. तेवढंच कारण असेल असं नाही, पण वाक्य माझं होतं. ते लिहिताना सारम्मा शेजारीच होती. म्हणाली होती, “तुमचं एक चाक पंक्चर झालं की कळेल.” मी तेव्हाही तिच्याकडे दुर्लक्ष केलं.

आता तुमच्या हक्काची. तुम्ही लिहिलंत, दांडी ठेवून उतरता येतं हे अच्चायनना कसं सुचलं नाही. चेडत्ती, त्या ओणमला मीच त्यांना ते सांगितलं होतं. तुम्ही मागे उभ्या राहून ओरडत होतात, मला हसू आलं. मी म्हटलं, “अच्चायन, त्यांना कशाला बोलावता? स्वतः उतरून बघा की.” ते म्हणाले, “मला माहीत आहे रे. पण तेवढीच ती त्या यंत्रापासून उठते.”

मी हे आजवर सांगितलं नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलं नव्हतं. दिवे कळतात मला, बाकी फारसं नाही.

गुडघ्यांमुळे २५ तारखेला येता येत नाही. हिरव्या वायरीचे बोल्ट आदल्या दिवशी पुन्हा आवळा. रेजीला मी फोन करत नाही. तो फोन तुम्हीच करायचा.

तुमचा,
इट्टी

ता. क. आज ओसरीचा बल्ब लावला.


पोन्कुन्नम,
२७ मे १९९३

प्रिय इट्टी,

तुझं पत्र आलं त्या दिवशी उत्तर लिहायला बसले आणि नुसतीच बसले. म्हणून उशीर.

आधी चाकाचं. “एका घराला एक चाक पुरे” हे अच्चायन मला कितीदा ऐकवायचे! मला वाटायचं वाक्य त्यांचंच आहे. सात वर्षं मी त्या वाक्याचा राग त्यांच्यावर धरला, आणि ते गेल्यावरही थोडा धरून होते, हे तुलाच सांगते. आता तो चुकीच्या पत्त्यावर गेलेला निघाला. तो तुझ्याकडे पाठवते आहे. तिकीट मी लावलंय, तुला दंड पडणार नाही. आला की सारम्माच्या हातात दे, काय करायचं ते तिला कळेल.

आता दुसरी गोष्ट, मला यंत्रापासून उठवायची. ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. मग ताव लाटायला गेले आणि मधेच उठून अंगणात एक चक्कर मारून आले. विनाकारण.

२५ तारखेचं सांगते. बोल्ट आवळले होते. गाडी मी नेली, सिस्टर रोसेलिन शेजारी जपमाळ घेऊन. ती म्हणाली माझ्यासाठी नाही, सवयीने म्हणतेय. घाटाच्या वळणावर तिची सवय जरा वाढली. रांगेत सगळे जीपवाले आणि लॉरीवाले. इन्स्पेक्टर तरुण, मिशा ताज्या. आला आणि म्हणाला, “ड्रायव्हर कुठे आहे?”

“तुमच्याशी बोलतोय,” मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं, परवान्याकडे पाहिलं, मग फोटोकडे बराच वेळ. “अम्मच्ची, हा फोटो तुमचा?”

“त्या दिवशीचा माझा. आता सुधारलेय.”

ब्रेक पाहिले, चाकं पाहिली, हॉर्न वाजवायला सांगितला. मग तो चालत मागे गेला आणि मागून म्हणाला, “उजवा.”

मी दांडी केली. डबी टक-टक करू लागली. मी खिडकीतून डोकं काढून ओरडले, “लागला का?”

“हो.”

“मोठ्याने सांगा!”

लॉरीवाले हसले. तो भल्या घरचा पोरगा असणार. ओरडला, “लागला! गेला! लागला! गेला!”

मी दांडी बंद करायची विसरले. इट्टी, खरं सांगते, विसरले नाही. दीड वर्षात गाडीच्या मागे कोणी उभं राहिलं नव्हतं, आणि मी नेहमी त्या टोकाला असायचे, या टोकाला बसून कसं ऐकू येतं ते मला माहीतच नव्हतं. बरं वाटतं. आत बसणाऱ्याला फार बरं वाटतं. तो ओरडतच राहिला, शेवटी पुढे येऊन म्हणाला, “अम्मच्ची, पुरे. पाच वर्षांचं एकदम पाहून झालं.” मग डावा झाला. मग त्याने शिक्का मारला.

निघताना मी दिवा लावला आणि शिवाय हातही बाहेर काढला, अच्चायनसारखा. तो म्हणाला, “दिवा चालतोय ना, मग हात कशाला?” मी म्हटलं, “दिव्यावर एकदा विश्वास टाकून फसलेय. रबर माझंच होतं, पण फसले ते फसलेच.”

रेजीला त्याच संध्याकाळी फोन केला. तो पहिल्यांदा म्हणाला, “कोणी नेली गाडी?” मी सांगितलं. तर म्हणाला, “अम्मच्ची, हळू चालवता ना?” म्हटलं, “सायकलवाले पुढे काढतात.” तो म्हणाला पाल्याच्या माणसाला तोच कळवेल. मग विचारलं, का शिकलात. मी म्हटलं, पत्रात लिहीन. तुला लिहिलं तसं त्यालाही लिहीन, आता एकदा लिहून झालंय तर दुसऱ्यांदा सोपं जाईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आठ ताव लाटले, हात धुतले, गाडी काढली, रस्ता रिकामा होता तरी फाटकाशी डावा दिवा लावला, कब्रस्तानापर्यंत जाऊन आले.

तांडम्मा